चुंबकसूची आणि ध्रुवीय प्रकाश

फेब्रुवारी १८७२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'ने एक लहानशी बातमी छापली. रविवारी, ४ फेब्रुवारीला, सूर्यास्तानंतर मुंबईहून ध्रुवीय प्रकाश अंधुकसा दिसला, अशी ती बातमी. मुंबई विषुववृत्तापासून जेमतेम १९ अंशांवर आहे. जो प्रकाश पाहण्यासाठी लोक नॉर्वेला आणि अलास्काला जातात तो इथून दिसावा, हे सहजासहजी पटत नाही. पण वर्तमानपत्रावर विसंबून राहण्याचे कारण नाही. त्याच रात्री आफ्रिकेत खार्टूमलाही तो दिसल्याची नोंद आहे. मुंबईहून समुद्रातळातून एडनला जाणाऱ्या तारेवर संदेश पाठवणे अवघड झाले होते. आणि कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेले चुंबक जागचे हलले होते.

या साक्षींमध्ये आम्हाला चुंबकाची साक्ष सर्वांत मोलाची वाटते. ध्रुवीय प्रकाशावरचे लेख बहुधा रंगांच्या पडद्यांचे वर्णन करतात आणि पाठोपाठ सूर्याकडून येणाऱ्या कणांचे स्पष्टीकरण देऊन मोकळे होतात. मधली दीडदोनशे वर्षे त्यात गळून पडतात. या काळात प्रकाशाचा उलगडा करण्याचे बरेचसे काम बंद खोलीत चुंबकसूचीकडे पाहत बसलेल्या माणसांनी केले. त्यांच्या नोंदींवर मोठ्यामोठ्यांनी विश्वास ठेवला नाही, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

उपसालातली सूची

१७१६ च्या मार्च महिन्यात युरोपभर झगझगीत ध्रुवीय प्रकाश दिसला. लंडनमध्ये एडमंड हॅलीने तो पाहिला. धूमकेतूमुळे आपल्या ओळखीचा झालेला हॅली तेव्हा साठीला टेकला होता, आणि सगळा जन्म आकाश पाहण्यात घालवूनही हा प्रकाश त्याने त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. यात नवल नाही. साधारण १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग फारच थोडे होते, आणि डाग नाहीत तेव्हा लंडनच्या अक्षांशावर ध्रुवीय प्रकाशही दुर्मीळ. अर्थात हा संबंध त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता. हॅलीचे लक्ष वेधले ते प्रकाशाच्या शलाकांच्या मांडणीने. लोहचुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, तशाच पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून या शलाका उभ्या आहेत, असे त्याला वाटले. पृथ्वीच्या पोटातून काही चुंबकीय द्रव्य बाहेर पडत असावे, असा तर्क त्याने केला. द्रव्याचा तर्क टिकला नाही. रेषांचा टिकला.

पुढचा धागा स्वीडनमधल्या उपसालाचा. तापमापकामुळे विद्यार्थ्यांना माहीत असलेला अँडर्स सेल्सिअस तेथे खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्याबरोबर काम करणारा ओलोफ हिओर्टर चुंबकसूचीच्या दिशेत दिवसभरात होणारे बारीक बदल टिपून ठेवी. काम कंटाळवाणे. सूची लांब, मापपट्टी बारीक, आणि वाचन हजारो वेळा घ्यायचे. १ मार्च १७४१ च्या संध्याकाळी आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळलेला असताना हिओर्टरने सूची पाहिली, तर ती नेहमीची जागा सोडून भरकटली होती. प्रकाश ओसरला तशी ती ताळ्यावर आली. त्याने धावत जाऊन सेल्सिअसला हे सांगितले. तेव्हा सेल्सिअस म्हणाला की हे माझ्याही ध्यानात आले होते, पण तुझ्या ध्यानात आपणहून येते का, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम गप्प राहिलो. (शिक्षक म्हणून हा प्रसंग आम्हाला फार आवडतो. उत्तर माहीत असताना गप्प बसणे किती कठीण असते, हे वर्गात उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.)

सेल्सिअस एवढ्यावर थांबला नाही. त्याने लंडनला जॉर्ज ग्रॅहॅम या नामांकित घड्याळ्याला पत्र लिहून त्याच्या सूचीवर लक्ष ठेवायला सांगितले. ५ एप्रिल १७४१ रोजी उपसालातली सूची बिघडली. पत्रे पोहोचली, नोंदी ताडून पाहिल्या, तर त्याच दिवशी लंडनचीही सूची बिघडली होती. दोन शहरांमध्ये हजारांहून अधिक किलोमीटर अंतर. म्हणजे कारण उपसालाच्या हवेत किंवा हिओर्टरच्या खोलीत नव्हते. सगळ्या पृथ्वीला एकाच वेळी हलवणारे काहीतरी होते.

दक्षिण गोलार्धाची बाजू आपण थोडक्यात आटोपू. १७ फेब्रुवारी १७७३ रोजी कप्तान कुकचे 'रेझोल्यूशन' जहाज दक्षिण महासागरात सुमारे ५८ अंश दक्षिण अक्षांशावर असताना तिकडच्या आकाशात तसाच प्रकाश दिसला, आणि पृथ्वीच्या दोन्ही टोकांना हा खेळ चालतो याची खात्री पटली. पुढे दीडशे वर्षे बहुतेक निरीक्षणे उत्तरेतच झाली. दक्षिणेकडे त्या पट्ट्यात समुद्र आणि बर्फ जास्त, वेधशाळा आणि माणसे कमी.

कुलाब्याचे वाचन

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर घेतलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून डागांचे चित्र काढत होता. एकाएकी डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके चमकले आणि पाच मिनिटांत विझले. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. क्यूबा आणि हवाई बेटांवरून ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधल्या तारखात्याच्या लोकांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि केवळ तारेत आपोआप वाहणाऱ्या विजेवर संदेश पाठवले.

वादळ ऐन भरात आले तेव्हा मुंबईत सकाळचे अकरा वाजत होते. लख्ख उन्हात ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुलाब्याला १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. उपसालात सूचीची दिशा बदलली. मुंबई विषुववृत्ताजवळ असल्याने इथे वादळाचा परिणाम दिशेवर थोडा होतो. उत्तरेकडे ओढणारे बलच मुख्यतः कमी होते, आणि बल घटले तरी साधी चुंबकसूची उत्तरेकडेच पाहत राहते. म्हणून बल मोजण्यासाठी चुंबक दोन समांतर धाग्यांवर टांगतात आणि धाग्यांना पीळ देऊन तो पूर्व-पश्चिम आडवा धरून ठेवतात. एका बाजूने पृथ्वीचे बल त्याला उत्तरेकडे वळवू पाहते, दुसऱ्या बाजूने धाग्यांचा पीळ त्याला अडवतो. पृथ्वीचे बल किंचित घटले की पीळ वरचढ ठरतो आणि चुंबक सरकतो.

हे वाचन माणसे डोळ्यांनी घेत होती. शांत दिवशी ठरलेल्या वेळी, आणि वादळ सुरू झाले की काही काही मिनिटांनी. इंग्लंडमधल्या क्यू आणि ग्रिनिच वेधशाळांत तोवर छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे बसली होती. त्या दिवशी प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेरच गेला, आणि वादळाचा कळस नोंदवायचा राहून गेला. कुलाब्याचे वाचक मात्र आकडे लिहीत राहिले. त्या आकड्यांनुसार क्षितिजसमांतर बल १६०० नॅनोटेस्लाने घसरले, म्हणजे मुंबईच्या एकूण बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. आज ज्याला आपण मोठे वादळ म्हणतो त्यात ही घसरण काहीशे नॅनोटेस्लाची असते.

हे आकडे वह्यांमध्ये पडून होते. २००३ मध्ये गुरबक्षसिंग लाखिना, सोबना अलेक्स आणि त्यांचे परदेशी सहकारी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांनी ते पुन्हा काढून प्रसिद्ध केले, आणि १८५९ चे वादळ किती मोठे होते याचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापावरून बांधता आला. वाचन लिहिणाऱ्यांची नावे त्या वर्णनात कोठे येत नाहीत. आमच्या मते ती यायला हवी होती.

केल्व्हिनचे बरोबर गणित

सूर्यावर चमक आणि पाठोपाठ पृथ्वीवर वादळ, एवढे पुराव्यानिशी दिसल्यावर वाद मिटायला हवा होता. त्यातच सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात व घटतात आणि चुंबकीय वादळांची संख्याही त्याच चक्राने चालते, हे १८५२ मध्ये एडवर्ड सॅबिनने दाखवले होते. पण नोव्हेंबर १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिनने हा संबंध निव्वळ योगायोग ठरवला. त्याने गणित मांडले होते. सूर्यातून निघालेल्या चुंबकीय लहरींमुळे पृथ्वीवर आठ तासांचे एक साधारण वादळ व्हायचे असेल, तर तेवढ्या वेळात सूर्याला जी शक्ती खर्च करावी लागेल ती एरवी तो चार महिन्यांत उष्णता व प्रकाशाच्या रूपाने देतो तेवढी भरते. हे अशक्य. म्हणून संबंध नाही.

गणितात चूक नव्हती. चूक गृहीतात होती. सूर्याचा परिणाम दिव्याच्या प्रकाशासारखा सगळीकडे सारखा पसरतो, असे केल्व्हिनने धरले होते. १९०४ मध्ये ग्रिनिचच्या एडवर्ड माँडरने जुन्या चुंबकीय नोंदी चाळल्या, तेव्हा अनेक वादळे सुमारे २७ दिवसांनी पुन्हा पुन्हा येतात असे दिसले. पृथ्वीवरून पाहिले तर सूर्यही साधारण तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. याचा अर्थ, सूर्याच्या अंगावरच्या एखाद्या ठिकाणाहून काहीतरी पिचकारीसारखे बाहेर पडते आणि सूर्य फिरेल तशी ती पिचकारी पृथ्वीवरून फिरत जाते. सगळ्या दिशांना सारखे काही पाठवावे लागत नाही. केल्व्हिनच्या गणितातली अशक्य शक्ती तिथेच नाहीशी होते. वरच्या वर्गातल्या मुलांना सोडवायला द्यावे असे हे उदाहरण आहे. आकडेमोड तपासायला आपण शिकवतो, गृहीत तपासायला क्वचितच.

बर्कलंडचा काचेचा डबा

नॉर्वेच्या क्रिस्टियन बर्कलंडने प्रश्न प्रयोगशाळेत आणला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत त्याने धातूचा एक गोळा ठेवला. आत विद्युतचुंबक, वर किरण पडले की चमकणारा लेप. ही त्याची लहानशी पृथ्वी. तिच्यावर त्याने इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. गोळा सगळीकडे चमकला नाही. दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली.

तेवढ्याने समाधान न झाल्याने तो उत्तर नॉर्वेतल्या हाल्डे पर्वतावर हिवाळा काढायला गेला. त्या मोहिमेत त्याचा एक तरुण सहकारी हिमलोटात सापडून मेला. १९०२-०३ मध्ये त्याने नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोव्हाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी चुंबकांची नोंद केली. सूच्यांच्या हालचालींवरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की ध्रुवीय प्रकाशाबरोबर आकाशात लक्षावधी अँपियरचा विद्युतप्रवाह वाहतो, आणि तो अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून उभा खाली येतो, वातावरणात आडवा वाहतो व दुसऱ्या रेषांवरून परत वर जातो. (मोहिमांना पैसा हवा म्हणून त्याने विद्युतचुंबकीय तोफ बनवली. तिचे १९०३ मधले जाहीर प्रात्यक्षिक शॉर्टसर्किटमुळे फसले. पण त्या वेळी उडालेल्या विजेच्या कमानीतून त्याला हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत सुचली, आणि तिच्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. असो.)

बर्कलंड १९१७ मध्ये टोकियोत वारला. त्याच्या उभ्या प्रवाहांची कल्पना पुढे अर्धशतक बाजूला पडली. या विषयातला सर्वांत मोठा अधिकारी सिडनी चॅपमन याला त्यांची गरज वाटत नव्हती. सगळे प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच आडवे वाहतात असे मानले तरी जमिनीवरच्या सूच्यांच्या नोंदी जुळवता येत होत्या. आणि खरी अडचण हीच होती. नुसत्या जमिनीवरच्या सूच्यांवरून दोन्हींपैकी कोणते खरे हे ठरवता येत नाही. सूची वर नेणे भाग होते. १९६३ मध्ये सोडलेल्या एका अमेरिकी उपग्रहातल्या चुंबकमापकाने सुमारे ११०० किलोमीटर उंचीवर, ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा ओलांडताना, आडव्या दिशेचे झटके नोंदवले. १९६७ मध्ये त्यांचा अर्थ लावला गेला तो बर्कलंडच्या उभ्या प्रवाहांचाच. आज त्यांना त्याचेच नाव आहे.

बर्कलंडचेही सगळे बरोबर नव्हते, हे सांगायला हवे, कारण त्याचे चित्र अजून पुष्कळ पुस्तकांत तसेच छापले जाते: सूर्यावरून कण निघतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवते, ते तिथे पडतात आणि प्रकाश होतो. तसे असते तर प्रकाश पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला अधिक व्हायला हवा. प्रत्यक्षात झगझगीत पडदे मध्यरात्रीच्या बाजूला असतात. सूर्यातून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहणारा सौरवात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला ओढून त्याची लांबलचक शेपटी बनवतो. सौरवाताबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर ते पृथ्वीच्या उत्तरेकडे वळलेल्या क्षेत्राशी जोडले जाते आणि शेपटीत ऊर्जा साठू लागते. जेम्स डंगीने १९६१ मध्ये ही जोडणी सुचवली. साठा अनावर झाला की शेपटी ताणलेल्या रबरासारखी मागे येते, तिथले इलेक्ट्रॉन वेग घेऊन चुंबकीय रेषांवरून खाली कोसळतात, आणि चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात हवा उजळते. प्रकाश नेमका ध्रुवावर नसून ध्रुवाभोवतीच्या कड्यात असतो, हे बर्कलंडच्या गोळ्यानेही दाखवले होते.

लाल रंग आणि क्षितिज

रंगांचे कोडे वेगळ्या वाटेने सुटले. १८६७ मध्ये आंग्स्ट्रॉमने ध्रुवीय प्रकाशाचा वर्णपट पाहिला. त्यात एक ठळक हिरवी रेषा होती, आणि ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. खंडांच्या सरकण्यामुळे प्रसिद्ध असलेल्या वेगेनरने तिच्यासाठी वातावरणाच्या माथ्यावर एक नवाच हलका वायू कल्पिला होता. १९२५ मध्ये टोरंटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी ती रेषा प्रयोगशाळेत मिळवली. ती निघाली आपल्या ऑक्सिजनचीच.

मग इतकी वर्षे ती का सापडली नाही? उत्तेजित झालेला अणू एरवी सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात प्रकाश सोडून मोकळा होतो. ऑक्सिजनचा अणू या हिरव्या प्रकाशाला जवळजवळ पाऊण सेकंद लावतो आणि लाल प्रकाशाला तर दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात शेजारचा अणू आदळला तर ऊर्जा त्यालाच जाते, प्रकाश निघतच नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या दाट वायूत ही रेषा मिळणे अवघड. म्हणूनच हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर दिसतो, आणि लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ की दोन मिनिटे धक्का न लागता निभावते. पडद्याच्या अगदी खालच्या काठाला कधी गुलाबी-जांभळी झाक असते ती नायट्रोजनची. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मरने १९१० पासून दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेऊन या उंची त्रिकोणमितीने काढल्या.

आता मुंबईचा १८७२ चा प्रकाश वर्गात तपासता येतो. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. शंभर किलोमीटर उंचीवरचा हिरवा काठ क्षितिजावर दिसू शकेल तो जास्तीत जास्त ११०० किलोमीटर अंतरावरून. चारशे किलोमीटर उंचीवरचा लाल माथा मात्र २२०० किलोमीटरवरून दिसेल. मुंबईपासून उत्तरेला २२०० किलोमीटर म्हणजे ३९ अंश अक्षांश, पामीर-काश्गरच्या आसपास. त्या रात्री प्रकाशाचे कडे इतके फुगले होते की त्याचा माथा तिथवर तरी आला असला पाहिजे. आणि कमी अक्षांशांवरच्या जुन्या नोंदींत आकाशाला आग लागल्यासारखा लाल रंगच का येतो, पडदे आणि हिरवा रंग का नाही, याचेही उत्तर याच आकड्यांत आहे. खालचा भाग क्षितिजाखाली राहतो.

१० व ११ मे २०२४ च्या रात्री असेच घडले. गेल्या दोन दशकांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले, आणि लडाखमध्ये हान्ले येथील वेधशाळेच्या आकाशकॅमेऱ्याने उत्तरेच्या क्षितिजावर लाल झाक टिपली. हान्ले ३३ अंशांच्या जवळ आणि सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर. नुसत्या डोळ्यांना अशा वेळी फार तर राखाडी-तांबूस धुरकट पट्टा वाटतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला की रंग उमटतो. छायाचित्रे पाहून जाणाऱ्यांची प्रत्यक्षात थोडी निराशा होते ती यामुळेच.

पूर्ण देखावा पाहायचा तर कड्याखालीच जायला हवे. उत्तरेत ट्रॉम्सो, आबिस्को, फेअरबँक्स, यलोनाइफ. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत, कारण उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही. दक्षिणेत टास्मानिया आणि न्यूझीलंडचे दक्षिण टोक. आपल्या 'मैत्री' या अंटार्क्टिकातल्या केंद्रावर हिवाळा काढणाऱ्यांना तो घराबाहेर पडून दिसतो. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, विषुवदिनांच्या सुमारास, वादळे जरा अधिक होतात. चंद्र नसलेली रात्र, शहराच्या दिव्यांपासून दूर जागा आणि मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास थांबण्याची तयारी ठेवावी. पडदा तासभर निपचित राहतो आणि शेपटी तुटली की काही मिनिटांत सारे आकाश नाचू लागते.

आधी सूचना हवी असेल तर सूचीकडेच जावे लागते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, जे उपग्रह आहेत त्यांत आपले 'आदित्य एल-१' जानेवारी २०२४ पासून आहे. त्यांच्यातले चुंबकमापक सौरवाताचे क्षेत्र दक्षिणेकडे वळले का, हे पाहतात. वळल्याचे कळल्यापासून ते पृथ्वीवर येऊन थडकेपर्यंत हातात पाऊण-एक तास मिळतो, वादळ वेगवान असेल तर त्याहूनही कमी.

कुलाब्याची सूची मात्र आता तिथे नाही. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबक अलिबागला नेले, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात यासाठी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वाचन घेतले. त्यामुळे १८४० च्या दशकापासूनची ती मालिका तुटली नाही. अलिबागला ती आजही चालू आहे.